उसाच्या फडातली भीती : ‘लपाछपी’ सिनेमाविषयी थोडं

स्वयंपाक आटोपला असेल तर बसा, नसेल तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज मी एका भुताच्या सिनेमाविषयी बोलणार आहे. हसू नका. आपल्या कार्यक्रमात शेळीपालन, कंपोस्ट खत, लोहाच्या गोळ्या हे सगळं होतं, मग भुतानं काय घोडं मारलंय? शिवाय या सिनेमातलं भूत आपल्याच शिवारातलं आहे. उसातलं.

सिनेमाचं नाव ‘लपाछपी’. जुलै २०१७ मध्ये हा मराठी सिनेमा आला. दिग्दर्शक विशाल फुरिया. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींची मुख्य कामं. मोठे हिरो नाहीत, परदेशातली गाणी नाहीत, गाड्या उडवलेल्या नाहीत. एक घर, भोवती ऊस आणि मोजकी माणसं. थोड्या पैशात काढलेला सिनेमा आहे हे पाहताक्षणी कळतं, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. उलट थोडक्या सामानात चांगला स्वयंपाक करणारी बाई आपल्याला ओळखू येते, तसंच हे.

आधी गोष्ट सांगते, पण पुरती नाही. नेहा आठ महिन्यांची गरोदर आहे. तिचा नवरा तुषार कर्जात बुडालाय आणि पैसे देणारे लोक हात धुऊन मागे लागलेत. जीव वाचवायला शहर सोडायचं, तर जायचं कुठे? त्यांचा ड्रायव्हर भाऊराव म्हणतो, माझ्या गावी चला, तिथं तुम्हाला कुणी शोधत येणार नाही. म्हणून ही दोघं उसाच्या रानातल्या एका एकाकी घरात येतात. तिथं भाऊरावाची बायको तुळसाबाई आहे. ती प्रेमानं करते, खाऊ घालते, काळजी घेते. मग नेहाला पोरं दिसायला लागतात, लपाछपी खेळणारी. आणि लक्ष्मी नावाच्या एका बाईची सावली त्या घरावर आहे असं हळूहळू कळतं. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की या सगळ्याच्या मुळाशी ‘मुलगी नको’ ही गोष्ट आहे. सिनेमा आला तेव्हापासून हे सगळीकडे उघडपणे बोललं गेलंय, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाही.

आता यात चांगलं काय? माझ्या मते सगळ्यात चांगला तो ऊस.

भुताचे सिनेमे काढणाऱ्यांना नेहमी जुना वाडा लागतो, कोळिष्टकं लागतात, अमावास्येची रात्र आणि वटवाघूळ लागतं. या माणसांनी भर दुपारच्या उन्हात भीती दाखवली. हिरवागार ऊस, वर निळं आभाळ, आणि तरी पोटात गोळा येतो. शहरातल्या प्रेक्षकाला ती नवलाई वाटली असेल. आपल्याला विचारा! बारा-चौदा महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर गेला की दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. सरीत शिरलं की दिशा कळत नाही, वारा सुटला की पाचटाची सळसळ होते आणि कुणी चालतंय की वारा आहे ते कळत नाही. पात्याची धार हाताला चरे पाडते. जुन्नर, अकोले या भागातल्या बायकांना तर उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते हे पाठ आहे. आणि बिबट्या नसला, तरी संध्याकाळी उसाच्या कडेनं एकटी बाई पावलं उचलून चालते, ती भुताला भिऊन नाही. हे मी वेगळं सांगायला नको. त्यामुळे नेहा उसातून वाट काढते तेव्हा सिनेमाला आपल्याला भीती शिकवावी लागत नाही. ती आपल्या अंगात आधीच असते, सिनेमा तिला फक्त हाक मारतो.

आणि बघा, हे फुकटात मिळालेलं आहे. ऊस काही कुणी सिनेमासाठी बांधून उभा केला नाही. कमी पैशात भुताचा सिनेमा काढणाऱ्यांची ही जुनीच रीत आहे, जे हाताशी आहे त्याचंच भूत करायचं. आपल्याकडे रामसे बंधू होऊन गेले. सात भाऊ. कुणी कॅमेरा धरला, कुणी आवाज सांभाळला, कुणी लिहिलं, कुणी दिग्दर्शन केलं, कुणी जोडकाम केलं. घरातल्या घरातच सगळं. १९७२ सालचा त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला चित्रित झाला आणि सगळा कुटुंबकबिला तिथं मुक्कामाला गेला होता. तिकडे अमेरिकेत १९६८ साली जॉर्ज रोमेरो या माणसानं एका शेतावरच्या घरात मेलेली माणसं उठून येतात असा सिनेमा काढला. तो काळा-पांढरा होता, म्हणून रक्त म्हणून त्यांनी चॉकलेटचा पाक वापरला. रंग दिसतच नव्हता, मग कशाला खर्च करा! तो सिनेमा आज जगभर अभ्यासाला आहे. म्हणजे थोडक्या पैशानं सिनेमा वाईट होत नाही. वाईट होतो तो थोडक्या पैशात मोठ्याची नक्कल करायला गेलं की. अंगणात मांडव घालून राजवाड्याचं लग्न दाखवायला गेल्यासारखं.

‘लपाछपी’त ही नक्कल अगदीच नाही असं नाही, त्याकडे येते. आधी उषा नाईकांविषयी बोलू द्या.

उषा नाईक अनेक वर्षं मराठी सिनेमात काम करत आल्या आहेत. त्यांची तुळसाबाई पाहून मला वाटलं, ही बाई मी ओळखते. डोक्यावर पदर, हातात ताट, तोंडात ‘खा गं पोरी, दोन जिवांची आहेस’. एवढ्या मायेनं बोलणाऱ्या बाईला भ्यायचं का? तर भ्यायचं. कारण ती माया मोजून दिलेली आहे. ताट पुढे करता करता ती नजरेनं पोट बघते. बाईनं कसं वागावं, घराची रीत काय, हे सगळं गोड आवाजातच सांगते. ओरडणारी सासू सिनेमात पुष्कळ झाली. ही ओरडत नाही, म्हणून तिच्यापासून पळता येत नाही. आपल्यापैकी कितीजणींनी बाळंतपणात असली माया अनुभवलीय? डिंकाचा लाडू हातावर ठेवताना ‘या वेळी तरी नातू दे हो’ म्हणणारी. लाडू गोडच असतो, पण घशाखाली उतरत नाही.

पूजा सावंत यांनी नेहा केलीय. शहरातली, शिकलेली, आणि तरी अडकलेली. आठव्या महिन्यातल्या बाईला धावता येत नाही, लपता येत नाही, उठता-बसता हाताचा आधार लागतो. भुताच्या सिनेमात तरुण पोरं किंचाळत पळतात. इथं पळणंच शक्य नाही. ही कल्पना मला फार पटली. बाकी सगळ्यांच्या भीतीपेक्षा या बाईची भीती दुप्पट, कारण ती दोघांच्या वतीनं भिते.

हे झालं चांगलं. आता खोट कुठे आहे ते सांगते.

पहिली खोट आवाजाची. शांतता, शांतता, आणि एकदम धाडकन आवाज. पहिल्यांदा दचकायला होतं. पाचव्या वेळेला माणूस आधीच कानावर हात ठेवतं. हे कसं आहे, मीठ कमी पडलंय की काय या शंकेनं बाई पुन्हा पुन्हा मीठ टाकते, तसं. अहो, तुमचा ऊस भीतीदायक आहे, तुमची तुळसाबाई भीतीदायक आहे, मग ढोल कशाला बडवता? स्वतःवर भरवसा नसल्याचं ते लक्षण आहे, आणि पैसे कमी असले की हा भरवसा लवकर डळमळतो. मोठा आवाज स्वस्तात मिळतो ना.

दुसरी खोट अशी, की मध्यंतरानंतर सिनेमा समजावून सांगायला लागतो. आधी काय झालं, कुणी काय केलं, का केलं, सगळं उलगडून पुढ्यात ठेवतात. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त असते हे या लोकांना पहिल्या अर्ध्या भागात पक्कं ठाऊक होतं. नंतर ते विसरले, किंवा संदेश पोचेल की नाही याची त्यांना धाकधूक वाटली. आपल्याकडे सरकारी पथनाट्यात असंच होतं बघा, गोष्ट चांगली रंगते आणि शेवटी एक माणूस पुढे येऊन फलक वाचून दाखवतो. तो फलक सगळ्यांनी आधीच वाचलेला असतो.

या दोन खोटींवर माझा फार राग नाही. तिसरीवर आहे.

आमच्या गटात आम्ही हा सिनेमा मोबाईल टीव्हीला जोडून पाहिला. संपल्यावर एक वयस्कर सभासद, स्वतः तीन सुनांची सासू, ती म्हणाली, ‘पुन्हा म्हातारीलाच धरलंत होय!’ आम्ही हसलो, पण मग बराच वेळ तेच बोलत बसलो. कारण तिचं म्हणणं खरं आहे. या सिनेमातली सगळी भीती बायकांच्या अंगावर घातलीय. भिणारी बाई, भिववणारी बाई, भूत झालेली तीही बाई. पुरुष आहेत, त्यांच्या हातून वाईटही घडतं, पण डोळ्यांसमोर राहतो तो म्हातारीचा चेहरा. नवऱ्याच्या वाट्याला थोडंच काम आलंय. कर्ज त्यानं केलं, आठ महिन्यांच्या बायकोला आडरानात त्यानं आणलं, आणि भीती मात्र तिनं एकटीनं सोसायची. आता सिनेमावाले म्हणतील की आम्हाला हेच दाखवायचं होतं. असेल. पण मग त्याच्यावर जरा जास्त वेळ उजेड पाडायला काय हरकत होती? तुळसाबाई अशी का झाली, तिला कुणी असं घडवलं, तिच्या लेकीबाळींचं काय झालं, हे घाईत उरकलंय. उषा नाईकांसारखी नटी हाताशी असताना हे उरकणं जिवावर येतं.

आणि दुसरं असं. हा सिनेमा पाहून शहरातला माणूस म्हणेल, ‘अरे बापरे, खेड्यात अजून असं चालतं!’ आणि घरी जाऊन शांत झोपेल. त्याला झोपू देता कामा नये, कारण आकडे वेगळं सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ मध्ये, हाच आकडा ९१३ होता, आणि १९९१ मध्ये ९४६. म्हणजे वीस वर्षांत रस्ते वाढले, शाळा वाढल्या, दवाखाने वाढले, आणि मुली घटत गेल्या. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये हा आकडा ८०७ वर आला होता. उलट गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांत, ज्यांना आपण मागास म्हणतो, तिथं मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा चांगलं होतं. आणि कोल्हापूर, सांगलीसारख्या बागायती ऊसपट्ट्यात ते सरासरीपेक्षा कमी. तेव्हा हे पाप अडाण्याचं, अंधारातलं, एकाकी घरातलं नाही. ते पांढऱ्या भिंतीच्या खोलीत, मशीनपुढे, ट्यूबलाइटच्या उजेडात झालं. त्याला पैसे लागतात, आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांनी ते केलं. भर उजेडात भीती दाखवण्याची हुशारी ज्या सिनेमानं केली, त्यानं त्या उजेडात आणखी दोन पावलं पुढं जायला हवं होतं असं मला वाटतं.

कायद्याचं एक सांगते, कारण हे फार जणींना माहीत नसतं. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. आपल्या महाराष्ट्रानं त्याच्या आधीच, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्यात असं धरलेलं आहे, की गरोदर बाईवर हे करायला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली. तसं नव्हतं असं कुणाचं म्हणणं असेल तर ते त्यानं सिद्ध करायचं. जबरदस्तीनं नेलेल्या बाईला शिक्षा नाही. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. तपासणी करून घ्यायला लावणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांनाही शिक्षा आहे. त्यामुळे ‘तूच गेलीस ना सोनोग्राफीला, तूच अडकशील’ असं घरात कुणी धमकावलं तर ते खोटं आहे हे लक्षात ठेवा. आणि हो, सोनोग्राफीच वाईट असं समजून कुणी ती टाळू नका. बाळाची वाढ, वारेची जागा, पाणी किती आहे, यासाठी ती लागतेच. बंदी आहे ती लिंग सांगण्याला.

आता नेहाला जे दिसतं त्याविषयी बोलायचं आहे. सिनेमात तिला खरोखरच भूत दिसतं, ते सिनेमाचं काम आहे, त्याला माझी ना नाही. गोष्टीत भूत असलं तर असू दे, आपण लहानपणी मुंजा आणि हडळीच्या गोष्टी ऐकूनच मोठ्या झालो. पण घरातल्या गरोदर बाईला डोळ्यांपुढे अंधारी येतेय, काजवे चमकतायत, डोकं फुटायला आलंय, हातापायावर आणि तोंडावर सूज आहे, असं झालं तर ते उसातलं कुणी नाही. तो रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्यात झटके येतात. आपल्याकडे अजून त्या झटक्यांना ‘लागीर झालं’ म्हणून अंगारा लावणारे आहेत, आणि भगताकडे घालवलेल्या तेवढ्या तासांत आई आणि बाळ दोघंही जातात. अशा वेळी १०८ ला फोन करायचा, लिंबू-मिरची नंतर बघू. भूत उतरवायच्या नावाखाली बाईला मारझोड करणं, धूर देणं, कुणाला चेटकीण ठरवून छळणं, हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सिनेमाकडे परत येते. एक गोष्ट सांगायची राहिली. याच दिग्दर्शकानं हीच गोष्ट पुढे हिंदीत ‘छोरी’ नावानं केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती ॲमेझॉन प्राइमवर आली. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांनी त्यात कामं केली, आणि २०२५ मध्ये तिचा दुसरा भागही आला. मराठीतल्या लहानशा सिनेमाची गोष्ट हिंदीवाल्यांनी उचलावी, आणि ती करायला तोच माणूस बोलवावा, हे चांगलंच झालं. हिंदीतला सिनेमा दिसायला जास्त चकचकीत आहे, मीता वशिष्ठ यांचं कामही जोरदार आहे. तरी मला मराठीच आवडतो. भाषेमुळे म्हणाल तर थोडं तसंही आहे. आपल्या बोलीत कुणी ‘पोरी’ म्हटलं की ते कानात नाही, पोटात ऐकू येतं. पण दुसरंही कारण आहे. पैसे वाढले की घराच्या भिंती जास्त सजतात, प्रकाश जास्त सुंदर पडतो, आणि मग ते घर कुठलंच राहत नाही, सिनेमाचं घर होतं. मराठीतलं घर राहतं घर वाटतं. चुलीजवळ काळं पडलेलं, दाराशी चपला असलेलं.

पाहायचा असेल तर कसा पाहावा? लहान पोरांना घेऊन बसू नका, रात्री उठून रडतील आणि तुमचीच झोप जाईल. दिवस भरत आलेली कुणी असेल तर तिनंही आत्ता नको, बाळंत होऊन दोन महिने झाले की मग बघ म्हणावं. सासवांना मात्र आग्रहानं बोलवा, पण चिडवायला नव्हे. आमच्याकडे सासवाच जास्त बोलल्या. आपल्या वेळी काय झालं, कुणी काय बोललं, किती दिवस तोंड उष्टं केलं नाही, हे त्यांनी सांगितलं. दोघींनी तर कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं, ते मी इथं बोलणार नाही. नवऱ्यांनाही बोलवलं होतं. एकजण आला, तोही दाराशी उभा राहून मध्येच गेला.

आणि एक गंमत करून बघा. तुळसाबाई नेहाला जेवायला वाढते असा एखादा भाग आला की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा. धाडधूड गेली, संगीत गेलं, सळसळ गेली, बोलणंही गेलं. आता फक्त उषा नाईकांचे डोळे आणि ताटाकडे जाणारा हात बघा. आम्ही तसं करून पाहिलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. नमस्कार.